चोवीस फूट

गोलपोस्ट आधी झाले. जागा अजून नाही.
दोन जोड्या, अडीच इंची पाइप, पांढऱ्या रंगाचे दोन हात,
माझ्या वेल्डिंगच्या दुकानामागं
सहा वर्षं भिंतीला टेकून.
शेजारच्या फेगडेकाकू त्यांच्यावर गोधड्या वाळवतात.
"लागतीन त्या दिवशी सांगजो, भाऊ,
मी दोरी बांधीन."

क्लब लोबोसाहेबांचा. डिझेलचे ड्रायव्हर.
रेल्वेच्या मैदानावर तीस वर्षं त्यांची शिट्टी,
आणि एका सकाळी तिथं तारेचं कुंपण:
आत खडी, जुने स्लीपर,
आणि पाटी, ही रेल्वेची मालमत्ता आहे.
मालमत्ता तर लोबोसाहेबही होते रेल्वेची.
त्यांनी कुंपणाबाहेरून एकदा शिट्टी वाजवून पाहिली.
आत एक कुत्रं उठलं, परत बसलं.

मग आम्ही जागा बघायला निघालो.

तापीच्या काठी, वीटभट्ट्यांपल्याड,
अध्यक्ष म्हणाले, हवा मोकळी आहे.
नकाशावर पेनल्टी बॉक्समधून पूररेषा गेलेली.

राखेच्या तळ्याजवळ वीस मिनिटं खेळून पाहिलं.
दोन्ही संघ एका रंगाचे झाले.
इस्माईल तडवीनं पास दिला तो समोरच्यांना,
आणि कुणीच काही बोललं नाही,
तोंड उघडायची सोय नव्हती.

बंद जिनिंगच्या आवारात सरकी उगवलेली.
जागेला सात वारस: एक सुरतला, एक मयत,
दोघी बहिणी एकमेकींशी बोलत नाहीत.
आम्ही चहा पिऊन उठेस्तोवर आठवा निघाला.

पुढं पुढं असं व्हायला लागलं
की आम्ही टेप घेऊन उतरलो
की मागून कुणीतरी प्लॉटचे खांब रोवत यायचं.
जामनेर रोड, खडका रोड, वरणगावकडची बाजू,
गावाच्या चारी अंगांना गुंठ्याचा भाव चढला
आमच्याच पायगुणानं.
क्लबच्या वहीत शिल्लक तीनशे चाळीस.

नगरपालिकेत विषय आला.
मी मागच्या खुर्चीवर, इस्त्रीच्या शर्टात.
एक नगरसेवक म्हणाला, फुटबॉल आपला खेळ नाही.
दुसरा म्हणाला, आहे,
पण आपल्या वॉर्डातला नाही.
तिसऱ्यानं विचारलं, तिथं लग्नं लावता येतील का?
हे सगळ्यांना पटलं.
मग भरीत आलं, कळण्याची भाकर, वर तेल,
आणि विषय तहकूब.

लोबोसाहेब त्या पावसाळ्यात गेले.
पेटीवर आम्ही जर्सी टाकली. नंबर नव्हता तिला,
नंबर टाकायचे पैसे जागेच्या मोजणीत गेले होते.

शेवटी खडका रोडला, कचरा डेपोला लागून,
निवडणुकीआधी एका गटानं कोनशिला बसवली.
निकालानंतर दुसऱ्या गटानं.
पहिली उखडावी तर मारामारी होईल,
म्हणून जरा सरकून.
दोन्ही वेळचे नारळ मी आणले,
दोन्ही बिलं क्लबच्या नावानं.

परवा सहज गेलो. ऊन उतरत होतं.
पोरं खेळत होती. दोन दगडांच्या मधे
सायमा तडवी, इस्माईलची पुतणी,
हातात बापाचे वेल्डिंगचे मोजे,
माझ्याच दुकानातून हरवलेले.
"काका, उजवा दगड बुटका आहे," ती म्हणाली,
"वरून गेला का बाजूनं, कळत नाही."

टेप खिशात असतोच. मोजलं.
तेवीस फूट पाच इंच.
एवढ्या वर्षांत कुणी आम्हाला
नियमाच्या इतकं जवळ नेलं नव्हतं.

"सात इंच सरकवायला पाहिजे," मी म्हणालो.
ती म्हणाली, "कोणता?"

मी दोन्ही नावं वाचली. टेप गुंडाळला.
तेवढ्यात चेंडू आला, 'माननीय'वर आपटला,
आणि रेषेवर, म्हणजे जिथं रेषा असती तिथं,
टप्पा खाऊन बाहेर.

गोल आहे, नाही, आहे, नाही.
बावीस पोरं माझ्याकडं बघत होती.